महापालिकेतला पेंग्विन

पेंग्विनावरून महापालिकेचं राजकारण तापू शकतं, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. राणीच्या बागेत २०१६ साली हम्बोल्ट पेंग्विन आले आणि त्यांच्यावरच्या खर्चावरून सभागृहात आणि बाहेर पुढे किती तरी वर्षं तोंडसुख घेतलं गेलं. त्याच सुमारास जर्मनीत म्युनिकच्या महापालिकेतही एका पेंग्विनाला हाकलायची तयारी चालू होती. तो काचेआड नव्हता, कारकुनांच्या टेबलावर होता. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीचं बोधचिन्ह पेंग्विन. म्युनिकने आपल्या हजारो संगणकांवरून विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढून तिथे लिनक्स आणि ओपनऑफिस आणलं होतं. प्रकल्पाचं नाव लिमुक्स. दहा वर्षं खपून तो पूर्ण झाला आणि पूर्ण होऊन चार वर्षं होतात न होतात तोच त्याच महापालिकेने परत विंडोजकडे जायचं ठरवलं.

ही गोष्ट दोन्ही पक्षांचे लोक आपापल्या सोयीने सांगतात. मुक्त सॉफ्टवेअरवाले म्हणतात, बड्या कंपनीने डाव साधला. दुसरे म्हणतात, फुकटचं घ्यायला गेलं की असंच होतं. मला दोन्ही पटत नाहीत. म्युनिकमध्ये काय झालं ते नीट पाहिलं तर एखाद्या संस्थेचं कार्यालयीन सॉफ्टवेअर बदलणं म्हणजे प्रत्यक्षात काय बदलणं असतं ते कळतं. आपल्याकडे जिल्हा परिषदेपासून पतसंस्थेपर्यंत आज ना उद्या हा प्रश्न सगळ्यांपुढे येणार आहे, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात साधीच होती. म्युनिकच्या संगणकांवर विंडोज एनटी ४ होतं आणि मायक्रोसॉफ्ट त्याची देखभाल थांबवणार होती. म्हणजे शहराला गरज असो-नसो, सुमारे १४,००० संगणकांसाठी नवं काहीतरी विकत घेणं भाग होतं. कधी बदलायचं हे विकणारा ठरवणार आणि पैसे आपण भरणार, हे नगरसेवकांना खटकलं. पर्याय म्हणून लिनक्सचा विचार सुरू झाला. हे कळल्यावर मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वित्झर्लंडमधली स्कीइंगची सुट्टी अर्धवट टाकून महापौर क्रिस्तियान ऊडं यांना भेटायला आले. किंमतही उतरत गेली. तेव्हा वृत्तपत्रांत आलेल्या आकड्यांनुसार आधीची सुमारे ३ कोटी ६६ लाख डॉलरची बोली शेवटी २ कोटी ३७ लाखांवर आली. लिनक्सची बोली साडेतीन कोटींच्या पुढेच होती.

आणि तरीही २८ मे २००३ रोजी महापालिकेने लिनक्सच्या बाजूने कौल दिला. ‘फुकट म्हणून घेतलं’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. म्युनिकने महागडी बोली स्वीकारली होती. एका पुरवठादाराच्या मुठीतून सुटायचं, हे त्यांचं कारण होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. शिवाय एवढी मोठी सवलत मिळते याचाच अर्थ आधीची किंमत कशावर बेतलेली होती, हा प्रश्न कुठल्याही हिशेबी माणसाला पडेल.

इथे थोडं आडवळण. म्युनिकने स्वीकारलेल्या ऑफिस सॉफ्टवेअरचं मूळही जर्मनच. मार्को ब्योरीस नावाच्या मुलाने शाळकरी वयात, १९८५ मध्ये, ल्युनेबुर्ग या गावात स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली. तिचं स्टारऑफिस १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्सने कंपनीसकट विकत घेतलं. आपल्या हजारो कर्मचाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा अख्खी कंपनी घेणं स्वस्त पडत होतं, असं सनमधल्याच एका अधिकाऱ्याने पुढे सांगितलं. सनने २००० साली त्याचा मूळ कोड खुला केला, ते ओपनऑफिस. पुढे ओरॅकलने सनला गिळलं. तेव्हा स्वयंसेवकांनी सप्टेंबर २०१० मध्ये वेगळी चूल मांडली आणि डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापन केलं. त्यांचं लिबरऑफिस आज सगळीकडे दिसतं. मालक बदलला तरी सॉफ्टवेअर तगलं, कारण कोड कुणाच्या एकट्याच्या कपाटात नव्हता. परवाना मुक्त असण्याचा व्यवहारातला उपयोग तो हाच.

परत म्युनिककडे. प्रणाली बसवणं हे काम फार अवघड नव्हतं. अवघड निघाले ते साचे. दर कचेरीत पत्रांचे, नोटिशींचे, दाखल्यांचे, पावत्यांचे तयार नमुने असतात. एकदा कुणीतरी केलेले आणि मग वर्षानुवर्षं ‘सेव्ह अ‍ॅज’ करत वापरलेले. म्युनिकमध्ये असे साचे, अर्ज आणि मॅक्रो मिळून वीस हजारांच्या घरात होते. मॅक्रो म्हणजे वर्ड-एक्सेलच्या पोटात लिहिलेले छोटे प्रोग्राम. ज्याने लिहिला तो बहुधा बदली होऊन गेलेला किंवा निवृत्त. तो चालतो कसा हे कुणाला ठाऊक नसतं, पण त्याच्यावाचून महिनाअखेरीचा तक्ता निघत नाही. त्यात शहराचा संगणक विभाग असा एक नव्हताच. खात्याखात्याचे मिळून वीसहून अधिक विभाग होते. प्रत्येकाची वेगळी मांडणी, वेगळी खरेदी, वेगळा सुभेदार. लिमुक्सवाल्यांना आधी या सुभ्यांची मोजदाद करावी लागली. एकाच कामासाठी पाच खात्यांत पाच साचे निघाले. ते एकत्र करायचे, निरुपयोगी टाकायचे आणि उरलेले नव्याने बांधायचे. यात वर्षं गेली. पण हे काम विंडोजवरच राहिलं असतं तरी कधीतरी करावंच लागलं असतं, असं माझं मत आहे.

या साफसफाईतून त्यांनी वोल्मुक्स नावाचं एक साधन तयार केलं. ते ओपनऑफिसमध्ये बसतं. कारकुनाने नवं पत्र उघडलं की त्याचं नाव, खातं, खोली क्रमांक, दूरध्वनी हे सगळं आपोआप शीर्षात येतं. अर्जाची चौकट वेगळी उघडते आणि तिथे भरलेलं मजकुरात जागच्या जागी जातं. त्यातली एक सोय मला फार आवडली. जर्मन कचेरीत पत्राखाली रोमन आकडे घालून आदेश लिहायची रीत आहे: मूळ पत्र अमक्याला, प्रत तमक्या खात्याला, एक नस्तीसाठी. आपल्याकडच्या ‘प्रत माहितीस्तव व पुढील कार्यवाहीस्तव सविनय सादर’ची ही सख्खी बहीण. वोल्मुक्सला हे आदेश कळतात. छपाईची कळ दाबली की कुणाला कोणती प्रत जाणार, तिच्यावर काय हवं आणि काय नको, त्याप्रमाणे वेगवेगळ्या प्रती निघतात. जगभर विकायचं सॉफ्टवेअर करणारी कंपनी एका शहराच्या टपालखात्याची अशी बारीक सवय कशाला सांभाळेल? म्युनिकने ती स्वतः सांभाळली आणि साधन खुल्या परवान्याने बाकीच्यांना देऊन टाकलं.

काम मुंगीच्या पावलांनी चाललं. २००४ मध्ये युरोपातल्या सॉफ्टवेअर-पेटंटच्या वादामुळे काही काळ थांबलं. पहिले संगणक बदलले ते २००६ मध्ये. दर्जा आधी, मुदत नंतर, असं धोरण होतं; नगरपालिकेच्या कामात हे ऐकूनच धाप लागते. २०१३ च्या अखेरीस १४,८०० च्या आसपास संगणक लिमुक्सवर होते आणि प्रकल्प संपल्याचं जाहीर झालं. मायक्रोसॉफ्टच्या वाटेने गेलो असतो त्यापेक्षा एक कोटी युरोहून जास्त वाचले, असा शहराचा हिशेब. एचपी कंपनीने मायक्रोसॉफ्टसाठी केलेल्या अभ्यासात नेमका उलटा निष्कर्ष निघाला. लिनक्समुळे शहराला कोट्यवधींचा फटका बसला असं त्यात होतं. शहराने ते आकडे फेटाळले. पैशाच्या बाजूने हा वाद कधीच मिटत नाही, कारण शिकवण्याचा, साचे बदलण्याचा, रेंगाळलेल्या फायलींचा खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा ते टाकणाऱ्याच्या मनावर असतं.

एक दुखणं मात्र खरोखरीचं होतं आणि ते शहराच्या वेशीबाहेरचं होतं. राज्य सरकार, केंद्र सरकार, वकील, कंत्राटदार सगळे वर्डच्या फायली पाठवत. त्या ओपनऑफिसमध्ये, पुढे लिबरऑफिसमध्ये, उघडत, पण तक्ता सरके, क्रमांक हलत, शेरे जागा सोडत. परत पाठवल्यावर समोरचा म्हणे, तुमची फाईल बिघडली आहे. काही खास कामांचे प्रोग्राम फक्त विंडोजवर चालत, म्हणून काही विंडोज संगणक ठेवावेच लागले. कर्मचारी वैतागले, आणि त्यांचं वैतागणं खोटं नव्हतं.

फाईल बिघडते कशी, हे घरी बसून पाहता येतं. लिबरऑफिसमध्ये चार ओळी टंकून ओडीटी म्हणून साठवा आणि त्या फाईलच्या नावाचं शेपूट बदलून झिप करा. ती उघडली की आत फायलींचा गठ्ठा दिसेल. त्यातल्या कंटेंट नावाच्या फाईलमध्ये तुमच्या चार ओळी साध्या डोळ्यांनी वाचता येतील, दुसऱ्या एका फाईलमध्ये मांडणीचे नियम. वर्डची डॉक्स फाईलही अशीच झिप असते. फरक नियमपुस्तकात आहे, आणि बिघाड तिथूनच येतो. ओडीटी ज्यात मोडते तो ओडीएफ हा खुला फाईलसाचा २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. मायक्रोसॉफ्टचा साचा २००८ मध्ये मानक झाला खरा, पण सहा हजारांहून अधिक पानांचा आणि जुन्या वर्डच्या खोडी पोटात घेऊन. हे मानक ठरवणाऱ्या मतदानात भारताच्या मानक ब्यूरोने विरोधात मत दिलं होतं आणि निकालानंतर दक्षिण आफ्रिका, ब्राझील, व्हेनेझुएला यांच्याबरोबर भारताने अपीलही केलं होतं. अपील फेटाळलं गेलं. आपल्या देशाने इतकी ठाम भूमिका घेतली होती हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

म्युनिकमध्ये २०१४ ला महापौर बदलले. ऊडं यांच्याच पक्षाचे डीटर रायटर आले. ते आधी शहराच्या कामगार व अर्थव्यवहार विभागाचे प्रमुख होते आणि मायक्रोसॉफ्टने आपलं जर्मन मुख्यालय उपनगरातून म्युनिक शहरात हलवायचं ठरवलं ते त्यांच्याच काळात. मुख्यालय २०१६ मध्ये सुरू झालं. या दोन गोष्टींचा संबंध कुणी सिद्ध केलेला नाही, आणि मीही जोडणार नाही. वेळ जुळली एवढं खरं. नव्या कारभाऱ्यांची तक्रार होती ई-मेल, दिनदर्शिका आणि पत्ते एका जागी मिळत नाहीत याची, मोबाइलवर टपाल यायला लागणाऱ्या वेळाची. यातलं बरंचसं लिनक्सशी संबंधित नव्हतं, ते टपालाच्या सर्व्हरचं आणि विभागांच्या आपसातल्या कारभाराचं होतं. पण टेबलावर पेंग्विन दिसतो म्हटल्यावर शिव्या त्यालाच. शहराने अ‍ॅक्सेंचर या सल्लागार कंपनीकडून अहवाल मागवला. त्यातही मुख्य दोष विखुरलेल्या कारभाराला दिला होता. तरी २०१७ च्या फेब्रुवारीत दिशा ठरली आणि नोव्हेंबरमध्ये शिक्कामोर्तब झालं. विंडोजकडे परतण्यासाठी जवळपास ५ कोटी युरोंचा अंदाज धरला होता. २०२० मध्ये ग्रीन पक्ष आणि रायटर यांच्या पक्षाने नवी आघाडी केली तेव्हा करारात पुन्हा लिहिलं गेलं, शक्य तिथे मुक्त सॉफ्टवेअर. एव्हाना विंडोज बसू लागलं होतं.

माझ्या मते म्युनिकमध्ये सॉफ्टवेअर हरलं नाही. पण ‘लिमुक्स यशस्वी झालं होतं’ असंही मी म्हणणार नाही. ज्या बदलाचा एकच वाली असतो, तो वाली खुर्चीवरून उठला की बदल अनाथ होतो. दहा वर्षांत कर्मचाऱ्यांना हे सॉफ्टवेअर आपलं वाटलं नाही. ते ऊडंसाहेबांचं राहिलं.

आता जर्मनीच्या उत्तर टोकाला, श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्यात, हाच प्रयोग पुन्हा चालू आहे. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने सुमारे ३०,००० संगणकांवर लिबरऑफिस आणायचं ठरवलं. त्यांनी क्रम उलटा घेतला: आधी ऑफिस, मग टपाल, लिनक्स सगळ्यात शेवटी. म्हणजे माणसाला एका वेळी एकच नवी गोष्ट शिकावी लागेल. २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत चाळीस हजारांहून अधिक टपालपेट्या हलवून झाल्या. त्रास झालाच, न्यायालयांतून तक्रारी आल्या. वर्षअखेरीस करखातं वगळता बहुतेक टेबलांवर लिबरऑफिस पोचल्याचं सरकारने सांगितलं.

हवाही बदलली आहे. २००३ मध्ये प्रश्न किमतीचा आणि मुठीचा होता, आज तो दुसऱ्या देशाच्या हातात आपली कळ असण्याचा आहे. अमेरिकेने २०२५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी न्यायालयाच्या सरकारी वकिलांवर निर्बंध घातले, त्यानंतर त्यांचं मायक्रोसॉफ्टवरचं टपाल बंद पडल्याची बातमी आली. न्यायालयाची सेवा आपण थांबवली नाही, असा कंपनीचा खुलासा आहे. खरं-खोटं काही असो, युरोपातल्या मंत्र्यांची झोप उडाली. ऑस्ट्रियाच्या सैन्याने लिबरऑफिस घेतलं, डेन्मार्कच्या डिजिटल खात्याने तशी घोषणा केली. फ्रान्सचं जेंडार्मरी पोलिसदल तर २००५ पासूनच या वाटेवर आहे आणि त्यांनी कधी फारसा गाजावाजा केला नाही. न गाजवता केलेले बदल टिकतात की काय, असं वाटायला जागा आहे.

भारतात याचं सगळ्यात मोठं उदाहरण केरळ. तिथल्या सरकारी शाळांत दोन दशकांपासून लिनक्स आहे, आणि तिथे तो टिकला कारण शिक्षकांना आधी शिकवलं आणि पाठ्यपुस्तकंच त्यावर लिहिली. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण काढलं; कागदावर ते चांगलं आहे. २०२५ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने झोहोचं ऑफिस वापरायचा आदेश दिला. झोहो भारतीय कंपनी आहे आणि चांगली आहे, पण तिचा कोड खुला नाही. स्वदेशी आणि मुक्त यांत गल्लत करू नये. उद्या तीही किंमत वाढवू शकते.

आणि महाराष्ट्र? आपल्याकडे २००१ मध्ये एमकेसीएल आलं आणि एमएस-सीआयटीने गावोगावच्या मुलामुलींना संगणकापुढे बसवलं. हे काम मोठं होतं. पण एका पिढीच्या मनात संगणक म्हणजे विंडोज आणि वर्ड-एक्सेल हे समीकरण त्यातूनच पक्कं झालं. सरकारी नोकरीसाठी लागणारं प्रमाणपत्रच त्यावर, तर ऑफिसात दुसरं काही कोण मागेल?

आपली आणखी एक अडचण जर्मनांना नव्हती. आपल्या जुन्या फायली. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी, सुरेख यांत टंकलेलं मराठी संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतंच. ती रोमन अक्षरं असतात, फक्त टंकाने देवनागरीचा अंगरखा घातलेला. तो टंक नसलेल्या संगणकावर ठराव उघडला की पडद्यावर अगम्य चिन्हांची खिचडी येते. युनिकोड वापरण्याचे शासनाचे आदेश निघून बरीच वर्षं झाली, तरी गावोगावच्या कचेऱ्यांत असे गठ्ठे पडून आहेत. (दिवाळी अंकवाल्यांनी हसू नये. आपल्याकडचे किती तरी अंक पेजमेकर आणि श्रीलिपीवरच वाढले.)

युनिकोड असलं तरी खाचा उरतात. मराठी फाईल बहुधा मंगल किंवा निर्मला टंकात असते. हे टंक विंडोजबरोबर येतात, लिनक्सवर नसतात. तिथे लिबरऑफिस दुसरा टंक घेतं, त्याची अक्षरं थोडी रुंद किंवा उंच असतात आणि दोन पानांचं पत्र सव्वादोन पानांचं होतं. साहेबांची सही एकटीच तिसऱ्या पानावर. शिवाय लिबरऑफिस देवनागरीचा टंक आणि आकार रोमनपासून वेगळ्या कप्प्यात ठेवतं. तो कप्पा सेटिंगमध्ये नीट लावला नाही तर ‘अक्षर मोठं केलं तरी होत नाही’ अशी तक्रार येते आणि सॉफ्टवेअर बदनाम होतं. उपाय सोपा आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा गूगलचा ‘नोटो’ असे खुल्या परवान्याचे टंक सगळ्या संगणकांवर, विंडोजवरसुद्धा, बसवायचे आणि सगळे साचे त्यांतच करायचे. शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिबरऑफिसवरचे छोटे पाठ आहेत, मराठीतूनही.

विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. म्युनिक २००३ मध्ये जिथे उभं होतं तिथे आज आपल्या किती तरी शाळा, ग्रामपंचायती, पतसंस्था उभ्या आहेत: यंत्र धडधाकट, पण विकणारा म्हणतो नवं घ्या. अशा संस्थांच्या सचिवांना आणि मुख्याध्यापकांना माझं सांगणं एवढंच. पैसे वाचतील म्हणून एका रात्रीत काही बदलू नका. पहिल्या वर्षी वाचणार नाहीत. हिशेबनिसाच्या एक्सेलला शेवटपर्यंत हात लावू नका, ज्याचं काम मॅक्रोवर चालतं त्याला विंडोज राहू द्या. आधी कपाटातले साचे मोजा, नको ते टाका, जुन्या टंकातले युनिकोडमध्ये आणा आणि ओडीएफमध्ये साठवा. हे सगळं आहे त्याच विंडोजवर, लिबरऑफिस उतरवून, एक रुपया न देता या दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करता येईल. पेंग्विनाचं काय करायचं ते त्यानंतर ठरवा.